मागे वळून बघायचं नाही

आमचे घरमालक कुणालाही ‘बसा’ म्हणायच्या आधी ‘कुठून?’ म्हणून विचारायचे. समोरचा आपल्या गावाचं नाव सांगतोय न सांगतोय तोच दुसरा प्रश्न तयार असायचा, ‘कुठे?’

त्याला कारण होतं. दिघीच्या जेट्टीवर लाँचची तिकिटं फाडण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. आता दिघीची लाँच जाऊन जाऊन जाणार कुठे, तर खाडीपलीकडे आगरदांड्याला. तिकिटाच्या खिडकीतून समोरचा धक्का दिसतो. तरी हा माणूस मान बाहेर काढून प्रत्येकाला विचारणार, कुठे जायचंय? लोक वैतागायचे. कुणी म्हणायचं सासरवाडीला, कुणी म्हणायचं लंडनला. सासरवाडीवाल्याला ते खुशीत तिकीट द्यायचे. लंडनवाल्याला लाँच सुटायला आली तरी ताटकळत ठेवायचे. त्यांचं म्हणणं, आगरदांड्याला कुणीच जात नसतं, आगरदांड्यावरून पुढे जातात. माणसाला खरं जायचंय कुठे ते कळल्याशिवाय तिकीट कसलं द्यायचं? ह्या खोडीपायी त्यांनी वरच्यांची पुष्कळ बोलणी खाल्ली. पण जित्याची खोड ती.

मी खोली बघायला गेलो तेव्हा मलाही तेच. कुठून? म्हटलं, न्हावा शेव्याहून. कुठे? आता मला काय कप्पाळ माहीत? म्हटलं, कुठे नाही, इथेच. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. उभ्या नोकरीत ‘इथेच’ म्हणणारा उतारू त्यांना भेटला नसावा. मग म्हणाले, वरची खोली रिकामी आहे, पण गच्चीवर मुळ्या वाळत असतात, त्यांना पाय लावायचा नाही.

उंच, काटकुळे. खाली गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि वर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. खांद्याला तिकिटांची चामड्याची बॅग, ती निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती, फक्त तिच्यात आता तिकिटांच्या जागी पाला, साली आणि मुळ्या असायच्या. गळ्यात शिट्टी. परसात त्यांनी नाही नाही ती झाडं लावली होती आणि त्या सगळ्यांना ते अहो-जाहो करायचे. ‘सरका जरा, मागच्यांना ऊन येऊ द्या,’ असं अडुळशाला सांगताना मी त्यांना माझ्या कानांनी ऐकलंय. शेजारची शेळी कुंपणातून आत शिरली तर हाकलायचे, पण ‘तुम्ही’ म्हणूनच. काकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, अख्ख्या दिघीत अगं-तुगं काय ते एकट्या माझ्या वाट्याला आलं.

ते काविळीचं औषध द्यायचे. वडिलांकडून आलेली विद्या. सकाळी उजाडलं की ओट्यावर माणसं येऊन बसायची, श्रीवर्धनकडची, म्हसळ्याकडची, खाडीपलीकडची. पिवळ्या डोळ्यांची, गळून गेलेली. अनशापोटी यायचं, पळीभर रस घ्यायचा, तेल आणि मासळी बंद. ऊन ओट्याच्या पायरीला लागलं की ते शिट्टी मारायचे आणि त्या दिवसाचं औषध संपायचं. नंतर कितीही गयावया करा, उद्याची लाँच. पण शिट्टीच्या आधीही ते कुणाला सुखासुखी औषध देत नसत. आधी रक्ताचा रिपोर्ट दाखवा. आकडा फार असला, ताप-उलट्या असल्या, की ते सरळ हात लांब करून आगरदांड्याची दिशा दाखवायचे. गावात त्यांची चेष्टा व्हायची, हा कसला औषधवाला, रोग्यालाच डॉक्टरकडं धाडतो.

आणि शेवटचा नियम. औषध घेतलं की उठायचं आणि चालायला लागायचं. पैसे द्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत, ‘येतो’ म्हणायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं तर दुखणंही वळतं, अशी तिकडची समजूत. लोक ती इतकी पाळायचे की बरे झालेले बाजारात समोर दिसले तरी नजर चुकवून कडेने निघून जायचे. ओळख दाखवली आणि दुखणं ओळख काढत परत आलं म्हणजे? एकदा मी त्यांच्याबरोबर मासळीबाजारात होतो. एक धडधाकट माणूस आम्हाला बघून चक्क कोलंबीच्या पाटीआड वाकला. घरमालक म्हणाले, हे म्हसळ्याचे, गेल्या गणपतीत फार पिवळे झाले होते. आणि खुशीत हसले. मला मात्र कसंतरी झालं. एवढी माणसं ह्यांनी धडधाकट करून धाडली आणि रस्त्यात नमस्कार घालणारा एकही नाही.

आता माझं. मला काय झालं होतं ते सांगायला मला हल्ली काही वाटत नाही. न्हावा शेव्याला मी कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करायचो. काम धबडग्याचं, पण मला आवडायचं. मग एका सकाळी उठावंसंच वाटेना. दुसऱ्या सकाळीही वाटेना. सगळे म्हणाले आळस, मीही म्हटलं आळस. जेवण मातीसारखं लागायला लागलं. जिवलग मित्राचं लग्न ठरल्याचा फोन आला आणि आत काही हललंच नाही, ‘अरे वा’ म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. शेवटी अलिबागच्या एका डॉक्टर बाईंनी त्याला नाव दिलं, डिप्रेशन, आणि गोळी सुरू केली. आपण आळशी नाही, आजारी आहोत, एवढं कळल्यानेच मी त्यांच्या दवाखान्याबाहेर बसून रडलो होतो. ऑफिसने मेहरबानी केली आणि मला दिघीच्या शाखेत टाकलं. तिथे काम कमी आणि खाडी जास्त.

गोळीने फरक पडत होता, हे मी स्वच्छ सांगतो. पण तो फरक ओहोटीसारखा. बघत बसलं तर पाणी हलताना दिसत नाही, तासाने बघावं तर खडक उघडे. शिवाय तोंडाला कोरड, सकाळी डोकं जड आणि पँट कमरेला होईना. आईला दिसली ती फक्त पँट.

आई माझी पेणला. तिचं त्या गोळ्यांशी हाडवैर. एकदा सुरू झाल्या की माणूस जन्माचा बांधला जातो, असं तिला कुणीतरी भरवून दिलेलं. घरमालक झाडपाल्याचं औषध देतात हे मी बोलता बोलता तिला सांगितलं आणि आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणाली. घरात औषध असताना अलिबागच्या खेपा घालतोस? झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो. बाकी इंग्रजीशी तिचा संबंध नाही, पण हे दोन शब्द ती असे खणखणीत उच्चारायची की डॉक्टरांनी ऐकत राहावं. कुणाबरोबर तरी तिने अश्वगंधेचा डबाही धाडला. तो मी कपाटात मागे सारला, पण तिचं बोलणं काही मागे सरेना.

खरं सांगू का, मलाही ते पटत चाललं होतं. एकीकडे कारखान्यातली गोळी, जिचं नाव मला धड घेता येत नव्हतं. दुसरीकडे माझ्या खिडकीखाली वाऱ्यावर डोलणारा पाला, हिरवागार, आपला वाटणारा. गोळी घेतली की मी रोगी. पाला घेतला की मी नुसता एक माणूस, पाला खाणारा. कुणाला वाटणार नाही?

घरमालकांशी सरळ बोलायचं सोडून मी ओट्यावरच्या लोकांचं ऐकलं. तिथे बसलेली माणसं एकमेकांना एक गोष्ट हमखास सांगायची, ह्यांच्या औषधाला कोठा रिकामा लागतो. पोटात दुसरं औषध असलं तर ह्यांचं लागू पडत न्हाय. घरमालक सकाळी प्रत्येकाला विचारायचे, कसल्या गोळ्या चालू आहेत का? आणि रक्तदाबाची, साखरेची गोळी घरी ठेवून आलेला प्रत्येक जण ठामपणे म्हणायचा, काय पन न्हाय. खरं बोललं तर हा परत धाडील ही भीती. कोठ्याचा तो नियम त्यांच्या वडिलांचा. ह्यांनी तो केव्हाच मोडीत काढला होता, ओरडून ओरडून सांगितलं होतं, डॉक्टरची गोळी सोडून माझ्याकडे यायचं नाही. पण लोक म्हणायचे, ते बोलायचं म्हणून बोलतात, बापाचा नियम कधी खोटा असतो व्हय?

तर मी कोठा रिकामा करायला घेतला. कुणाला न सांगता. रोजची गोळी एकदम बंद.

पहिले एक-दोन दिवस काही नाही. मी मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरवून ठेवतात. मग सुरू झालं. मान वळवली की डोक्यात आतल्या आत झटका, ओला हात उघड्या वायरीला लागावा तसा. झोप उडाली. ऑफिसात एका साध्या फॉर्मवर माझी सही आडवी गेली तर मला रडू फुटलं. मासळीवालीवर मी असा खेकसलो की ती बिचारी पाटी न उतरवता निघून गेली. आणि त्याहून वाईट म्हणजे ती जुनी सकाळ परत आली. उठून काय करायचंय, तीच. ह्या वेळी ती सोबत एक नवीन विचारही घेऊन आली, की आपण नसलो तर कुणाचं काय अडतंय. तो विचार मला भीतीदायक वाटला नाही, उलट शहाणपणाचा वाटला. आज त्याचीच मला जास्त भीती वाटते.

आता कोठा पुरता रिकामा झाला असं समजून मी एका सकाळी जिना उतरलो आणि कावीळवाल्यांच्या रांगेत ओट्यावर जाऊन बसलो. अनशापोटी.

माझ्यापाशी आल्यावर ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली. कुठून? मी म्हटलं, वरच्या खोलीतून. कुठे? मला बोलता येईना. तेव्हा त्यांनी वाकून माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं.

“गोळ्या?” त्यांनी विचारलं.

“बंद केल्या. कोठा रिकामा करून आलोय.”

त्यांच्या हातातली पळी खाली पडली. पितळेची ती, फरशीवर नाचत राहिली. मग त्यांनी जे केलं ते ओट्याच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. ऊन पायरीपासून लांब असताना त्यांनी शिट्टी मारली. लोक चक्रावले. रिपोर्ट हातात धरून बसलेल्या एका बाईने विचारलं, आमचं काय? ते म्हणाले, आज लाँच बंद. आणि आत ओरडले, “अगं, बाहेर ये. ह्यांनीही तेच केलंय.”

काकी पदराला हात पुशीत आली. गोल, ठेंगणी, सतत काही ना काही चघळणारी बाई. मी तिला कधी गंभीर बघितलं नव्हतं. त्या दिवशीही ती फार गंभीर झाली नाही. माझ्यापाशी ओट्यावर बसली, माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि गावच्या बोअरिंगची गोष्ट सांगावी तसं सांगायला लागली.

तिला मुलगा झाला होता, तो गेला. त्यानंतर ती अंथरुणाला खिळली. अलिबागच्या ह्याच डॉक्टर बाईंची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांनी ती पुन्हा चुलीपाशी जाऊन भाकऱ्या थापायला लागली. पण घरमालकांना ते लागलं. लांबलांबून लोक आपल्याकडे येतात आणि आपलीच बायको बाहेरची गोळी खाते? त्यांनी तिच्या गोळ्या बंद केल्या आणि आपलं सुरू केलं. झोप लागावी, डोकं निवावं म्हणून सर्पगंधेचं मूळ. आणि खरंच ती निवली. रडायची थांबली, बोलायची थांबली, बसवलं तिथे बसून राहायला लागली. ते ज्याला त्याला सांगायचे, बघा, कशी शांत झाली.

“शांत कसली,” काकी म्हणाली. “एका सकाळी मी उठले नि खाडीत चालत गेले. न्हाय म्हणायला नशीब, ओहोटी होती. गुडघाभर चिखलात रुतले ती रुतलेच. पुढं जाता येईना नि मागं येता येईना. कालवं काढणाऱ्या बायांनी ओढून काढली मला. एक चप्पल अजून तिथंच हाय.”

हे सांगून ती हसली. घरमालक हसले नाहीत. खांबाला टेकून उभे होते, शिट्टी मुठीत घट्ट धरून. म्हणाले, “मी समजलो, शांत झाली. ती विझत होती. मला फरक कळला नाही. मला, ज्याच्याकडे लोक औषधाला येतात.” मग ते आत गेले आणि अलिबागला जायला इस्त्रीचा दुसरा सदरा घालून आले.

लाँचमध्ये त्यांनी मला खिडकीपाशी नाही, मधल्या बाकावर बसवलं, त्यांच्या आणि काकीच्या मध्ये. दोन्हीकडून दाबून. तिकिटाच्या खिडकीतल्या नव्या माणसाने तिकिटं दिली होती आणि काही विचारलं नव्हतं, त्यावर ते मला म्हणाले, बघितलंत, कुठे जायचंय विचारायची पद्धतच राहिली नाही. आगरदांड्याहून एस.टी. धरली. मुरूड गेलं, काशीद गेलं. काकीने वाटेत मला जबरदस्तीने केळं भरवलं. मी रडत होतो आणि खात होतो. समोरच्या सीटवरची पोरगी टक लावून बघत होती. काकीने तिलाही एक केळं दिलं.

डॉक्टर बाई रागावतील अशी माझी अटकळ होती. त्या रागावल्या नाहीत. आधी त्यांनी जीव द्यायचे विचार येतात का ते सरळ विचारलं. मी सरळ सांगितलं. ते सांगितल्यावर छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. मग गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते त्यांनी लिहून दिलं, आणि तोवर ह्याला एकटं सोडायचं नाही असं त्या दोघांना बजावलं. डोक्यातले झटके गोळी एकदम बंद केल्यामुळे, ते जातील, म्हणाल्या. पँटचं आणि कोरड्या तोंडाचं ऐकून घेतलं. हे आधी का नाही सांगितलंत? गोळीत बदल करता येतो, मात्रा कमी-जास्त करता येते. कपाटातल्या अश्वगंधेचंही मी कबूल केलं. ती सध्या राहू दे, ह्या गोळीबरोबर गुंगी वाढेल, म्हणाल्या. डोक्याला ब्राह्मीचं तेल खुशाल चोळा.

घरमालक खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते. त्यांनी विचारलं, म्हणजे झाडपाला वाईटच का?

“झाडपाला वाईट नाही, काका,” डॉक्टर बाई म्हणाल्या. “मला न सांगता घेतलेला वाईट. तुमच्या त्या मुळीने रक्तदाब उतरतो, आणि एखाद्याचं मनही उतरतं. तीही औषधच आहे, म्हणून तर तिची भीती.”

घरमालकांनी मान डोलावली. हे त्यांनी आधीही एकदा, काकीच्या वेळी ऐकलेलं असणार. दाराबाहेर आल्यावर मला म्हणाले, लाँच धक्क्याला लागायच्या आधी उडी मारणारे उतारू मी पुष्कळ बघितलेत. त्यांना घाई नसते, त्यांना वाटतं पोचलो.

पुढचे काही आठवडे मी त्यांच्या माजघरातच झोपायला होतो. घरात एक नवीन रिवाज सुरू झाला, म्हणजे जुनाच, मला आता कळला. संध्याकाळी दिवा लागला की ते ओट्यावर यायचे, शिट्टी मारायचे, आणि काकीला आणि मला पूर्वेकडे तोंड करून बसवायचे. मग त्याच पितळी पळीत एकेकाची गोळी घालून द्यायचे. काकी दर संध्याकाळी तेच विचारायची, आता मागं न बघता जाऊ कुठं, चुलीत? मग ते समजावून सांगायचे की हे आपलं औषध नव्हे, बाईंचं आहे. त्याचा नियम उलटा. इथे परत परत वळून त्यांच्याकडे जावं लागतं, दर महिन्याला.

एकदा मी त्यांना छेडलं. म्हटलं, काका, तुमच्या झाडांवरचा तुमचा विश्वासच उडाला म्हणायचा. ते चिडले. गुंजांचा छोटा तराजू काढला, एका पारड्यात काकीची गोळी ठेवली, दुसऱ्यात गुंजा टाकल्या आणि काटा मध्ये आणला. हिचं वजन आषाढात एवढंच आणि चैत्रातही एवढंच, म्हणाले. मग गोळी काढून तिथे एक मूळ ठेवलं. हे मूळ ह्या खडकातलं, त्याचा जोर वेगळा. शेताच्या बांधावरच्याचा वेगळा. काविळीचं मला वडिलांनी दाखवलंय, शिवाय रक्ताचा रिपोर्ट आहे, चुकलं तर तो माझा कान धरतो. मनाला रिपोर्ट कुठे आहे? मूळ खोटं नाही हो. त्यात किती आहे ते मला ठाऊक नाही.

मला त्यांनी पाल्याचं एक पानही दिलं नाही. गवतीचहासुद्धा अलिबागला फोन करून, बाईंना विचारून मग. बाईंनी हसून परवानगी दिली, ती ते जेट्टीवर कित्येक दिवस सांगत होते. मात्र सकाळी परसातल्या झाडांना पाणी घालायला त्यांनी मला लावलं. मी विचारलं, हे औषध का? तर म्हणाले, छे, हे काम आहे, माझी कंबर दुखते. आणि रोज पाणी घालून झालं की तोच प्रश्न, आज कुठे? मी रोज म्हणायचो, ऑफिसात, दुसरं कुठे. ते मान हलवून निघून जायचे.

बदललेली गोळी मानवली. झटके गेले. झोप आली. आईला मी सगळं सांगितलं, तो विचारसुद्धा. ती एवढंच म्हणाली, गोळी वेळेवर घे रे बाबा. साइड इफेक्ट हे शब्द तिने पुन्हा काढले नाहीत.

मग उन्हाळा लागला. एका सकाळी मी अडुळशाच्या बुंध्याशी पाणी सोडत होतो. गच्चीवर काकीने साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या आणि कावळा बसला म्हणून ती हातवारे करून त्याला शिव्या मोजत होती. मला एकदम पेणची गच्ची आठवली. आईचे पोह्याचे पापड, पांढऱ्या धोतरावर ओळीने घातलेले, आणि काठी घेऊन राखणीला बसलेला मी. राखण कसली, अर्धेओले पापड मीच खायचो. ती तिखट, चिकट चव चक्क जिभेवर आली. आणि मागोमाग हे आलं की मला ते आत्ता खायचे आहेत. कित्येक महिने मला काही खायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. मी पाइप तसाच टाकून उभा राहिलो.

“काका,” मी म्हटलं, “मला पेणला जायचंय. पापड राखायला.”

ते बॅगेत पाला भरत होते. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील.

“मग जा की,” ते म्हणाले. “तुम्हाला धरलंय कुणी?” आणि पाठ करून पुन्हा पाला खुडायला लागले. पण मला दिसलं, ज्या रोपाचा ते पाला खुडत होते ते औषधाचं नव्हतंच, साधं रानटी तण होतं. त्यांनी ते जवळजवळ बोडकं केलं.

पुढच्या वर्षी ऑफिसने मला न्हावा शेव्याला परत बोलावलं. गोळी अजून चालू होती, मात्रा उतरत्या पायऱ्यांची, बाईंच्या देखरेखीखाली. सामान लाँचवर चढवलं. काकीने पापड्यांचा डबा दिला आणि गालावरून हात फिरवला. घरमालक इस्त्रीचा सदरा घालून, बॅग लटकावून धक्क्यावर उभे होते. त्यांच्या घरची रीत मला पाठ होती, आभार नाहीत, ‘येतो’ नाही. ओट्यावरच्या सगळ्या माणसांसारखं आपणही खाली मान घालून निघायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. मी लाँचकडे तोंड केलं आणि चालायला लागलो.

मागून शिट्टी वाजली. मी थांबलो, पण वळलो नाही.

“अहो,” ते म्हणाले. “तुम्हाला मी औषध कधी दिलंय? तुम्ही वळून बघितलंत तर चालतं.”

मी वळलो. त्यांनी हात वर केला होता, आणि तो कसा हलवायचा हे त्यांना नीट येत नव्हतं, सवयच नसावी. मी ओरडून सांगितलं, काका, येतो. लाँच सुटली. मी लाँचच्या कडेला कठडा धरून उभा राहिलो आणि आगरदांडा येईपर्यंत त्यांच्याकडेच बघत राहिलो, आणि तेही तोवर तसेच हात वर करून उभे होते.